माथेरानवरची टोपी

आमच्या कर्जतला पावसाचं काय, हे कोणी कोणाला विचारत नाही. दारात यायचं आणि माथेरानकडं बघायचं. डोंगर उघडा असला तर कामाला लागायचं. डोक्यावर ढग बसला असला तर 'टोपी घातली' म्हणायचं आणि अंगणातलं वाळवण आत घ्यायचं. शेंबड्या पोरालाही हे कळतं, त्याला अक्कल लागत नाही. पण मी पडलो लष्करातून आलेला शहाणा. मी त्या टोपीचा नियम केला आणि तो माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी नेऊन बसवला. ती तो आजही पाळते. त्यामुळं माझ्या जिवाचं काय होतं ते मी तिला सांगू शकत नाही, म्हणून इथं सांगतो आहे.

लढाई संपल्यावर सरकारनं आपल्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा खालापूरकडच्या एका गवताच्या व्यापाऱ्यानं त्यातली एक जीप घेतली. मी ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर ट्रक हाकून नुकताच घरी आलो होतो आणि बापाच्या भातशेतीत माझं मन लागत नव्हतं. शेठनं मला ठेवून घेतलं. तो मला 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायचा आणि कामं मात्र गड्याची सांगायचा. कुरणात कापणी कुठवर आली ते बघायचं, मजुरांना पीठमीठ पोचवायचं, गठ्ठे बांधून झाले की बैलगाड्यांना वाट दाखवायची. रस्ता म्हणावा असं त्यात फार थोडं. बाकी सगळे माळ, ओढे आणि भाताची खाचरं.

लोकांना त्या गाडीचं भारी कौतुक. "हिला रस्ता लागतच नाय," असं चारचौघांत सांगायचे, जशी काही ती त्यांच्याच गोठ्यात व्यालेली. मला राग यायचा. अहो, चारही चाकं फिरतात म्हणून ती काय पाण्यावर चालणार आहे? चिखलात दुसरी गाडी दोन खड्डे पाडते, ही चार पाडते, एवढाच फरक. भाताचं खाचर उन्हाळ्यात असं टणक होतं की त्यावरून हत्ती न्या. पण वळवाची एक चांगली सर पडू द्या. वरचा थर भिजतो, खाली तीच कडक जमीन, आणि मधल्या लोण्यावरून चाक घसरायला लागतं. अशा वेळी ड्रायव्हरच्या हातात काही म्हणजे काही राहत नाही.

हे सगळं मला लष्करात शिकवलं होतं, आणि तरी मी एकदा शेण खाल्लं. कुंभिवलीच्या पलीकडं शेठचं गवत पडलं होतं. सकाळपासून ढग होते. मी म्हणालो, जाऊन येऊ पटकन. परतताना सरीनं गाठलं आणि गाडी एका उतरत्या खाचरात रुतून बसली. मजूर मागून रेटायला लागले. चाक सुटलं, गाडी मागं घसरली आणि एका माणसाचा पाय चाकाखाली गेला. चिखल मऊ होता म्हणून हाड वाचलं. तो बिचारा "काय नाय, काय नाय" म्हणत चिखलातच बसून राहिला आणि मी सगळ्यांना शिव्या घालत सुटलो, कारण चूक माझी होती. चूक माझी असली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड. शेवटी बैलजोडी आणून गाडी ओढली. शेठ छत्रीखाली उभा राहून म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, पुढच्या वेळी बैलच घेऊन निघू, गाडी राहू दे घरी."

त्या दिवसापासून माझा नियम ठरला. निघायच्या दिवशी सकाळी माथेरानकडं बघायचं. टोपी नसेल तर गाडी रस्ता सोडेल. टोपी असेल तर सोडणार नाही, मग शेठ रुसो की देव रुसो. मी सोबत दोर, दोन फळ्या आणि पोती बाळगायला लागलो. चाकातली हवा कुठं कमी करायची, ओढा कुठून ओलांडायचा, उतरण्याआधी काठी घालून तळ कसा चाचपायचा, सगळं ठरवून टाकलं. नियम चांगला होता. हे मी आजही म्हणेन. त्यानंतर माझ्या गाडीखाली कोणाचा पाय गेला नाही.

माझी बहीण कळंबच्या पुढं, टेकड्यांच्या आडोशाच्या एका गावात दिली होती. कळंबपर्यंत कसाबसा खडीचा रस्ता होता. पुढं तिच्या गावाला रस्ता असा नव्हताच, तो दरवर्षी नव्यानं व्हायचा. भात कापून झालं की जो तो आपल्या बांधाला गाडीपुरती खिंड पाडायचा आणि खाचराखाचरांतून बैलगाड्या थेट कळंबला जायच्या. पाऊस तोंडावर आला की ज्याची त्याची खिंड जो तो माती लावून बुजवायचा, कारण बांध फुटका राहिला तर खाचरात पाणी ठरत नाही आणि भात होत नाही. खिंडी बुजल्या की गावाचा रस्ता दिवाळीपर्यंत बंद. मग आजारी असो की बाळंतीण, माणसांच्या खांद्यावरूनच.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या मुलीच्या वेळी ती मरता मरता वाचली होती. या खेपेला गावच्या सुइणीनं पोटाला हात लावला आणि "मूल आडवं हाय, माज्याच्यानं व्हनार नाय," असं स्वच्छ सांगितलं. कर्जतचे डॉक्टर मला म्हणाले, "शेवटचा महिना लागला की तिला इथं आणून ठेवा. कळा सुरू झाल्यावर धावपळ करू नका." तिचे दिवस ज्येष्ठात भरत होते. म्हणजे तिला वैशाखातच, खिंडी बुजायच्या आत आणायला हवं होतं. सख्खा भाऊ गाडी चालवतो, मग काळजी कसली, असं सगळं गाव म्हणत होतं. मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं.

शेठ एका शनिवारी मुंबईला जाणार होता. त्या दिवसापुरती त्यानं मला गाडी दिली. त्याच्या आधल्या आठवड्यात मी बहिणीकडं जाऊन सगळं समजावून आलो. दुपारची वेळ होती. ती उंबऱ्याशी पाय पसरून बसली होती, पोट एवढं मोठं की टोपलीभर मिरच्या त्यावरच ठेवून देठ काढत होती. तिचा नवरा, आमचे दाजी, खांबाला टेकून उभे. माणूस गरीब. बोलायचं झालं तर आधी जमिनीकडं बघायचे. समोर लांबवर माथेरान लख्ख दिसत होतं.

"हे बघा दाजी," मी म्हणालो, "शनिवारी उजाडलं की डोंगराकडं बघायचं. टोपी नसली तर मी गाडी घेऊन येतोच. टोपी दिसली तर मी येणार नाही. मग माझी वाट बघत बसायचं नाही. बांबूला झोळी बांधा आणि टेकड्यांतल्या पायवाटेनं तडक हिला नेरळला आणा, तिथून रेल्वेनं कर्जत. वाट बघत बसलात आणि पाऊस झाला तर ओढा भरेल, मग ना गाडी ना झोळी."

"आन ढग वाईच आसला तर?" दाजींनी जमिनीकडं बघत विचारलं.

"वाईच नाही आणि मोठा नाही. टोपी म्हणजे टोपी. तिथं डोकं चालवायचं नाही."

बहीण खुदखुदायला लागली. "दादा, तू तं मास्तरच झालास की रं! आता पाढा म्हनून दाखवायला लावशील."

मी खरंच लावलं. ती मिरचीचा हात पोटावरून बाजूला धरून शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "टोपी नाय, तर गाडी. टोपी हाय, तर झोळी." दाजींनीही म्हणून दाखवलं. तिची सासू आतून ओरडली, "लष्करानं चांगलाच तासलाय गं तुझ्या भावाला!" सगळे हसले. मीही हसलो आणि ताक पिऊन खुशीत परत आलो.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला मी कर्जतला नदीकाठी जाऊन उभा राहिलो. माथेरान या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की कड्यावरची झाडं वेगळी दिसत होती. घरी येऊन मी गाडीत मागं गवत अंथरलं, वर गादी, तिच्यावर आईची गोधडी. आईनं पाण्याची कळशी भरून दिली आणि तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं. "पोटुशीला तहान फार," ती म्हणाली, "वाटेत घोट घोट पाज तिला."

नेरळला डोंगर इतका जवळ येतो की त्याचा माथा दिसत नाही. तिथून कळंबकडं वळलं, नदी ओलांडली, की डोंगर पाठीशी जातो. मी मान वळवून बघितलं नाही. सकाळी एकदा बघितलं होतं, तेवढं पुरे होतं.

कळंबच्या पुढं रस्ता सोडला आणि माझा ऊर भरून आला. गावानं माझ्यासाठी वाट राखून ठेवली होती. एरवी वैशाखाच्या त्या दिवसांत निम्म्या खिंडी बुजलेल्या असतात. दाजींनी घरोघर जाऊन हात जोडले होते की शनिवारपर्यंत बांध उघडा ठेवा. प्रत्येक खिंडीतली ढेकळं काढलेली होती आणि दोन्ही अंगांना पळसाची डहाळी खोवलेली होती, मला लांबून दिसावी म्हणून. त्या अबोल माणसानं एवढं केलं होतं. जमीन कडक, ओढा ठणठणीत कोरडा. फळ्या नकोत, दोर नको. मी शीळ घालत चाललो होतो. हो, शीळ घालत. ती शीळ मला अजून ऐकू येते.

गावाजवळच्या शेवटच्या खिंडीशी एक म्हातारा फावड्यानं माती ओढत होता. अर्धी खिंड बुजवून झाली होती. मी गाडी थांबवून ओरडलो, "अहो बाबा, हे काय चाललंय? मी येणार आहे हे सांगितलं नाही का कोणी?"

तो गोंधळून गाडीकडं बघत राहिला. "तुमी येनार नाय, आसं तुमचं दाजी सांगून गेलं. टोपी हाय म्हून."

"कुठं आहे टोपी?" मी खेकसलो.

त्यानं फावड्याचा दांडा उचलून माझ्या मागं दाखवला. मी वळलो.

तिथून माथेरानचं पलीकडचं टोक दिसत होतं, जे कर्जतहून दिसतच नाही. त्या टोकावर एक ढग बसला होता. पातळ, पांढरा, हातरुमालाएवढा. बाकी सगळा डोंगर उघडा. म्हणजे मी माझ्या बाजूनं बघून निघालो होतो आणि ते त्यांच्या बाजूनं बघून निघाले होते. आम्ही दोघंही नियमानं वागलो होतो. डोंगर एकच असला तरी तो दोन गावांना सारखा दिसत नाही, हे त्या अंगणात उभं राहून नियम सांगताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लष्करात नकाशे वाचलेला माणूस मी! थू माझ्या जिनगानीवर.

गाडी तिथंच सोडून मी धावत घर गाठलं. घरात सासू एकटीच होती, नातीला मांडीवर घेऊन. मला बघून तिनं तोंडावर हात घेतला. "आरं देवा, तुमी आलात? ती तं उजाडल्या उजाडल्या निगाली. चौगं जन हायत झोळीला. मी म्हनलं, वाईच थांबा, ढग पातळ हाय, जाईल. तं तीच म्हनली, नाय, दादानं सांगितलंय, वाईच न् मोठा बघायचा नाय."

मी पुढचं ऐकायला थांबलो नाही. त्या पायवाटेनं जीप जाण्यासारखी नव्हती, दगडादगडांतून एका माणसापुरती वाट. मागून पळत गेलो असतो तरी ते केव्हाचे पुढं गेले होते. ती वाट टेकड्यांतून उतरून नदीच्या अलीकडं कळंबच्या रस्त्याला मिळते. तिथं जाऊन समोरून शिरायचं मी ठरवलं. त्याच उघड्या खिंडींतून, त्याच डहाळ्यांमधून, गाडी आदळत आपटत परत निघालो. ओढ्यापाशी वर बघितलं तर ढग विरून गेला होता. आभाळात नावाला पांढरं काही नव्हतं आणि ऊन तापायला लागलं होतं.

पावसाचा मी सगळा विचार केला होता. ओढ्याचा, चिखलाचा, चाकांचा. उन्हाचा केलाच नव्हता. गाडीला उन्हाचं काय? पण झोळीत माणूस होतं. वैशाखात त्या टेकड्यांवरचा साग उघडा असतो, पान नाही की सावली नाही. वाटेत एक झरा आहे, तो चैत्रातच आटतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, कोणी सांगायला नको होतं. आणि पाण्याची कळशी माझ्या गाडीत डुचमळत होती.

पायवाट रस्त्याला मिळते तिथं कोणी नव्हतं. मी कळशी खांद्यावर घेऊन आत शिरलो. चढण चढून गेलो, हाका मारल्या, उत्तर नाही. मग मनात आलं, ते आधीच पुढं गेले असतील, नेरळला स्टेशनात बसले असतील आणि मी इथं दगडांना हाका मारतोय. सकाळी एकदा चुकामूक झाली होती, पुन्हा होईल या धास्तीनं मी धावत खाली आलो, गाडी नेरळला नेली, फलाट पालथा घातला. कोणीच आलं नव्हतं. पुन्हा परत. त्या येण्याजाण्यात माथ्यावर ऊन आलं. पुढं चालत राहिलो असतो तर मी त्यांना केव्हाच गाठलं असतं.

दुसऱ्यांदा शिरलो तेव्हा ते दिसले. झोळी करवंदीच्या जाळीला लागून खाली ठेवली होती. दाजींनी डोक्याचं मुंडासं सोडून दोन्ही हातांनी तिच्यावर धरलं होतं, सावलीसाठी. बाकीचे तिघं तोंडं फिरवून बसले होते. कळा वाटेतच सुरू झाल्या होत्या. बरोबर आणलेलं पाणी संपलं होतं आणि नदी अजून पुढं होती. बहिणीचे ओठ पांढरे पडले होते. मी कळशी तिरपी करून तिच्या तोंडाला लावली. पाणी उन्हानं कोमट झालं होतं. ती प्यायली, डोळे उघडले आणि मला बघून म्हणाली, "दादा, टोपी व्हती रं. तू कसा आलास?"

मी कळशी खाली ठेवली. वळलो आणि दाजींवर ओरडलो. "ढग एवढासाच होता, दिसलं नाही का तुम्हाला? जरा थांबता येत नव्हतं? अक्कल काय गहाण टाकली होती?" मी खूप बोललो. माझा आवाज का चढतो ते मी वर सांगितलंच आहे. दाजी जमिनीकडं बघत उभे होते, उघड्या डोक्यावर ऊन घेत. "चुकलं माजं," ते म्हणाले. आणि मी ते तसंच राहू दिलं.

तिला गाडीत घालून कर्जतला नेलं. आईच्या गोधडीवर ती पडली होती, दाजी तिचं डोकं धरून. कर्जतचे डॉक्टर भले होते. संध्याकाळपर्यंत झटले आणि तिला वाचवलं. मुलगा होता. त्याला वाचवता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी फार कमी झालं होतं, ऊन फार लागलं होतं, हेलकावेही बसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "जीपमध्येही धक्के बसलेच असते. काय झालं असतं कोणी सांगावं?" चांगल्या मनानं म्हणाले. पण मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. आईनं त्यांना विचारलं, जरा आधी आणली असती तर? ते हात पुसत आत निघून गेले.

मग लोक आले. देवाची मर्जी, त्या लेकराचे भोग, तुमचा काय दोष, तुम्ही तर बहिणीसाठी एवढं केलंत. मी ऐकून घेत होतो आणि आतून पेटत होतो. एकानं तरी मला म्हणावं की गाढवा, तू नियम केलास, तू म्हणालास डोकं चालवू नका, आणि त्या पोरीनं नाही चालवलं. कोणीच म्हणालं नाही. दाजींना मात्र दोघंतिघं म्हणाले की अहो, घाई केलीत. ते मान हलवून हो म्हणाले.

त्या दिवशी थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून आभाळाकडं बघायचो आणि पाऊस मागायचो. कुठंतरी, कोणाच्या तरी रानात एक सर पडू दे, म्हणजे नियम बरोबर होता असं म्हणता येईल. बहीण आत निपचित पडलेली आणि भाऊ बाहेर स्वतःच्या सुटकेसाठी पाऊस मागतोय. लाज वाटते सांगायला.

पाऊस संपल्यावर ती सासरी गेली. मी अधूनमधून जायला लागलो, आणि तिथं मला दिसलं की माझा नियम त्या घरात ठाण मांडून बसला आहे. टोपी असली की दाजी बाजाराला जात नसत. टोपी असली की ती लेकीला आजोळी धाडत नसे. आणि डोंगर उघडा असला की सकाळीच सासूला म्हणे, "आज टोपी नाय, दादा यील," आणि एका माणसाचे तांदूळ जास्त धुई. मी आलो नाही तर ते संध्याकाळी खाई. हे सासूनं मला सांगितलं, कौतुकानं. मी ताट बाजूला सारून उठलो.

पुढच्या वैशाखात मी ठरवलं की हे मोडायचं. मुद्दाम टोपीचा दिवस निवडला, तिच्या बाजूची टोपी, कळंबहून बघून खात्री केलेली. गाडी खाचरांत घातली आणि थेट तिच्या दारात नेऊन उभी केली. तिला दाखवायचं होतं की बघ, ढग आहे आणि मी आलो, काही होत नाही. मग सगळं सांगायचं, चूक कोणाची होती ते तिच्या आणि दाजींच्या तोंडावर कबूल करायचं. वाटभर मी वाक्यं जुळवत आलो होतो.

इंजिनाचा आवाज ऐकून ती धावत बाहेर आली. हात शेणानं भरलेले. चेहरा पांढराफटक. "दादा! टोपी हाय! दिसली नाय का तुला?"

"दिसली," मी म्हणालो. "म्हणूनच आलोय. अगं, त्या टोपीत काही नाही. कर्जतहून एक दिसतं, इथून एक दिसतं. त्या दिवशी पण..."

"त्या दिशी वर पडला आसंल," ती मध्येच म्हणाली.

"काय?"

"पाऊस. वर डोंगरात पडला आसंल. आपल्याला दिसला नाय एवढंच. आमी निगालो नसतो तं वड्याला पानी आलं आसतं, तुजी गाडी अडाकली आसती. तू सांगितलंस म्हून निगालो." ती एका दमात बोलली, जशी ती वर्षभर हेच म्हणत आली होती. मग जरा थांबून म्हणाली, "बरोबरच केलं ना आमी?"

दाजी मागं खांबाशी येऊन उभे राहिले होते. पहिल्यांदाच ते जमिनीकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते.

मी खरं बोललो असतो तर मला हलकं वाटलं असतं. पण मग त्या दोघांच्या पदरात काय पडलं असतं? की पाऊस यायचाच नव्हता, गाडी कळंबच्या वाटेवर होती, थोडं थांबलो असतो तर मूल आज रांगत असतं, आणि आपण आपल्या हातांनी ते उन्हात नेलं. झोळीचा बांबू दाजींच्या खांद्यावर होता.

"बरोबर केलंत," मी म्हणालो. "वर पडला असणार. नक्कीच पडला असणार."

दाजींनी पंच्यानं तोंड पुसलं आणि आत गेले. बहिणीनं मोठा श्वास सोडला आणि लगेच माझ्यावर डाफरली, "मंग आज कशाला मराया आलास? जा आदी! वड्याला पानी यायच्या आत जा." तिनं मला बसूही दिलं नाही. भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून गाडीत टाकला आणि हातानं ढकलायला लागली. मी गाडी वळवली. ओढ्यापाशी आलो तेव्हा मागं बघितलं तर ती बांधावर येऊन उभी होती. मी पलीकडं चढल्यावरच ती घरी वळली. ओढ्यात पाणी नव्हतं, वाळू नुसती तापली होती.

त्यानंतर टोपी असताना मी कधी तिच्या दारात गेलो नाही. कर्जतहून डोंगर उघडा दिसला तरी मी कळंबला थांबतो, खाली उतरतो आणि मागं वळून तिच्या बाजूचं टोक बघतो. तिकडं चिमूटभर ढग असला की तिथूनच परत फिरतो. मी कळंबपर्यंत आलो होतो हे तिला कळत नाही. त्या दिवशी ती माझे तांदूळ धूत नाही.